टेंबपाड्याचा विस्तव

सुकापूरच्या त्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी सूक्ष्मदर्शक मांडलेला असे, आणि त्या घरात याचं कुणाला काही वाटत नसे. घरात माणसं दोनच: शशिकलाबाई आणि त्यांचे यजमान कुमारराव. कुमारराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, चहा उत्तम करणारे, आणि बायकोच्या कामाची यथेच्छ टिंगल करून वर त्याचाच अभिमान बाळगणारे. "लोकांच्या घरी पोह्यांत खडा निघतो," ते आल्यागेल्याला सांगत, "आमच्याकडे कोळसा निघतो. आणि तोही सातवाहनांचा."

बाईंचं काम कोळसा ओळखण्याचं. उत्खननात सापडलेला तुकडा हातानं मोडायचा, मोडलेली बाजू भिंगाखाली धरायची आणि हे कोणतं झाड होतं ते सांगायचं. झाड जिवंत असतं तोवर हवेतला कार्बन घेत राहतं. त्यात थोडासा किरणोत्सारी असतो. झाड मेलं की नवं घेणं थांबतं आणि आतला तो थोडासा भाग ठरल्या गतीनं कमी होत जातो. किती उरला हे यंत्रानं मोजलं की झाड कधी मेलं ते कळतं. पण झाड कधी मेलं तेच कळतं, चूल कधी पेटली ते नव्हे. चारशे वर्षांच्या सागाचा गाभा कुणी काल जाळला, तरी यंत्र चारशेच सांगणार. म्हणून बाई जाड लाकूड बाजूला काढत आणि बारीक काडी निवडत, कारण काडी तोडली त्याच वर्षी मेलेली असते. मग चिमट्यानं गवताच्या मुळांचे तंतू वेचायचे, पुडी बांधायची, वर सही करायची. चौतीस वर्षांत त्यांची एकही पुडी परत आली नव्हती. त्यांच्या सहीचा नमुना म्हणजे डोळे मिटून यंत्रात घालावा, असं त्यांचे विद्यार्थी म्हणत, आणि हे ऐकलं की बाईंना आतून फार बरं वाटे. का वाटू नये?

कुमाररावांना या शास्त्रातली एक गोष्ट विशेष आवडे. सगळी वयं 'आजपासून इतकी वर्षं मागे' अशी सांगतात, आणि तो 'आज' म्हणजे एकोणीसशे पन्नास साल, कायमचं. "म्हणजे शास्त्राप्रमाणे मी अजून जन्मलोच नाही," असं म्हणून ते दुसरा चहा टाकायला उठत.

गेले दोन हिवाळे बाई दर गुरुवारी टेंबपाड्याला जात होत्या. उलव्याच्या मागे, खाडीच्या अंगाला, मिठागरं संपतात तिथे हा पाडा. चहूकडे क्रेन उभ्या, डंपरची धूळ, नव्या इमारतींच्या अंगावर हिरव्या जाळ्या. आणि मध्येच ही पंधरा-वीस घरं आणि त्यांच्यामागे मातीचं एक टेंब, म्हणजे उंचवटा. त्या टेंबात अंकितानं खड्डा घेतला होता. अंकिता बाईंचीच विद्यार्थिनी, आता उत्खननाची प्रमुख. खापरं निघाली, विटा निघाल्या, आणि दोन पुरुष खोल, खाडीच्या गाळाच्या जाड थराखाली, तीन दगडांची एक चूल निघाली. चुलीत मूठभर कोळसा.

त्या मूठभर कोळशावर सगळं येऊन ठेपलं होतं. खापरं जुनी दिसत होती, पण खापरं कुठूनही वाहून येतात, असं म्हणणारेही होते. कोळशाचं वय दोन हजारांच्या आसपास निघालं तर टेंबाला कुंपण पडणार होतं आणि पाड्यातल्या जगनला तिथली राखणदाराची कायमची नोकरी मिळणार होती. नाही तर पुढच्या वर्षी त्यावरून रस्ता जाणार होता.

जगन चाळिशीचा, खोदकामावरचा सगळ्यांत जपून हात चालवणारा माणूस. बाप मिठागरावर होता, हा डंपरवर क्लीनर होता, मग अंकितानं त्याला खुरपी दिली आणि तो मातीत रमला. त्याची आई सखूबाई. टेंबाला पाठ लावून त्यांचं घर. पहिल्याच गुरुवारी बाईंनी डबा उघडला तशी सखूबाईनं तो हातातून काढून घेतला होता आणि झाकण लावून कोनाड्यात ठेवला होता. "गो बाय, आमच्या दारात बसून थंड पोली खातेस? जेवाला वाढतंय ना मी."

तेव्हापासून दर गुरुवारी तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, कधी वालाचं बिरडं. चुलीच्या उजेडात, धुराच्या वासात, पाटावर मांडी घालून. बाई घरी परतत तेव्हा साडीला धूर लागलेला असे आणि चेहऱ्यावर समाधान. "तिथं काय घालतात गं जेवणात?" कुमारराव विचारत. "गुरुवारी तू आठवीतल्या मुलीसारखी दिसतेस."

अंकितालाही त्या घरी जेवायचं होतं. पण सखूबाई तिला ओट्यावर चहा देई, तोही जगनच्या गॅसच्या शेगडीवरचा. आत बोलावत नसे. "ती पोर चांगली हाय," सखूबाई म्हणे, "पन आमच्या चुलीचं खाल्लं का मानूस आमच्या चुलीचा झाला. सगल्यांस नाय वाढत." बाईंना हा मान वाटे. शेजारच्या कृष्णाबाईशी, म्हणजे सख्ख्या जावेशी, सखूबाईचा विस्तव जात नव्हता. ते पाहता आपल्याला पाट मिळतो याचं त्यांना जरा जास्तच कौतुक होतं.

चुलीतला कोळसा जगननं एका गुरुवारी बाटलीतून बाईंच्या हाती दिला. बाईंनी घरी भिंगाखाली पाहिला. खाडीकाठच्या तिवराच्या काड्या, करंगळीहून बारीक. मुळाचा एक तंतू नाही, गाळाचा कण नाही. इतका स्वच्छ नमुना त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. तिथेच पाल चुकचुकायला हवी होती. पण बाई खूश झाल्या, पुडीवर 'उत्कृष्ट' असं लिहून सही केली आणि पाठवून दिली.

पुढच्या गुरुवारी जेवण झाल्यावर जगन त्यांच्या मागे मागे रस्त्यापर्यंत आला. चपलेनं माती उकरत उभा राहिला.

"मॅडम, मी शेन खाल्लं."

"काय झालं?"

"तो कोलसा खड्ड्यातला नाय. शिडी चढताना बाटली निसटली. खाली भरतीचं पानी झिरपलेलं, पंप चालू. सगला कोलसा पंपात गेला. चुलीत काडी पन उरली नाय." त्यानं मान वर केली नाही. "मग आयच्या चुलीतला भरला. तुमाला बारीक काडी लागते म्हनून बारीक निवडून भरला."

बाईंना आधी हसू फुटलं, इतकं ते जगनसारखं होतं. मग पुडी आठवली. कालपरवा विझलेल्या कोळशावर त्यांनी स्वतःच्या हातानं 'उत्कृष्ट' लिहिलं होतं.

"अंकिताला सांगितलंस?"

"नाय. तुमी सांगा. तुमी सांगाल ते होईल."

सांगणं सरळ होतं. प्रयोगशाळेत स्वानंद होता, तोही त्यांचाच विद्यार्थी. एक फोन करायचा आणि पुडी परत मागवायची. पण मग जगनची नोकरी गेली, टेंबही गेलं, आणि चौतीस वर्षांची सहीसुद्धा. बाईंनी त्या दिवशी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. यंत्र काय ते सांगेलच, वय आजचं येईल, मग नमुना बिघडला म्हणू, कुणाचंच नाव घ्यायला नको, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. आपण हे करतो आहोत याची त्यांना लाज वाटत होती, आणि लाज वाटूनही त्या गप्प राहिल्या.

सहा आठवड्यांनी, सकाळी भाजी निवडताना, स्वानंदचा फोन आला.

"मॅडम, तुमचा हात लागला की सोनं! एकोणीसशे ऐंशी वर्षं मागे, अधिक-उणे तीस. खापरांशी तंतोतंत. अंकिताला आत्ताच सांगितलं, ती रडायलाच लागली."

बाईंच्या हातातली गवार तशीच राहिली.

"पुन्हा सांग."

त्यानं पुन्हा तोच आकडा सांगितला.

त्या दिवशी सोमवार होता. बाई रिक्षा करून टेंबपाड्याला गेल्या. जगनला खड्ड्याशी नेलं आणि खरं काय ते विचारलं. त्यानं आईची शपथ घेतली. चिखलात रुतलेलं बाटलीचं बूच दाखवलं. पंपाच्या जाळीत अडकलेली काळी पूड दाखवली, ती आता नुसता गाळ झाली होती. माणूस खोटं बोलत नव्हता. बाईंनी चौतीस वर्षं माणसांचीही पारख केली होती.

मग त्या आत गेल्या. सखूबाई चुलीपुढे बसली होती. सोमवारी कशी आलीस, असं तिनं विचारलं नाही, पाट सरकवला.

"सखूबाई, ही चूल कधी पेटवलीत?"

"पेटवली?" सखूबाईला प्रश्नच कळला नाही. "इस्तव पेटवत्यात नाय गो. इस्तव आनत्यात."

"कुठून?"

"माझ्या सासूनं दिला. तिला तिच्या सासूनं. घर तीन येला हललं, आदी टेंबावर हुतं, मग खाली आयलं. दर येला इस्तव खापरात घालून आनला. निजताना राखेत झाकाचा, सकाली फुकाचा. इजू द्यायचा नाय, येवढंच."

"आणि विझला तर? काडेपेटी?"

सखूबाईनं त्यांच्याकडे लहान पोराकडे पाहावं तसं पाहिलं. बाईंनी कोनाडे पाहिले, फळी पाहिली. दोन हिवाळे त्या इथे जेवत होत्या आणि या स्वयंपाकघरात काडेपेटी नाही हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. जगनची गॅसची शेगडी ओट्यावर होती, उंबऱ्याच्या बाहेर.

बरं, विस्तव राखला. राखोत. बाई विज्ञानाच्या माणूस होत्या. विस्तवाला वय नसतं. वय लाकडाला असतं. आणि लाकूड तर रोजचं, डोळ्यांसमोर आणलेलं: तिवर, बांधकामावरच्या फळ्या, आंब्याची सुकी फांदी. ते दोन हजार वर्षांचं होईल कसं? यंत्र चुकलं असेल. पुड्यांची अदलाबदल झाली असेल. शंभर कारणं असतात. मोजून पाहिल्याशिवाय बोलायचं नाही, हे त्यांनीच तर पोरांना शिकवलं होतं.

सोसायटीच्या कुंपणाला गिरिपुष्प होतं. हे झाड परदेशातलं. इकडे येऊन त्याला फार तर सव्वाशे वर्षं झाली असतील. बाईंनी माळ्याकडून एक फांदी तोडून घेतली, गुलाबी फुलांसकट. पंधरा दिवस बाल्कनीत वाळवली. तिचे दोन तुकडे केले. एक घरी कुमाररावांच्या मातीच्या शेगडीत, काडेपेटीनं पेटवून जाळला. कुमारराव पंख्यानं वारा घालत म्हणाले, "चौतीस वर्षांनी का होईना, बायकोनं माझ्या देखत चूल पेटवली."

दुसरा तुकडा त्यांनी गुरुवारी पिशवीतून नेला आणि स्वतःच्या हातानं सखूबाईच्या चुलीत सारला. सखूबाईनं विचारलं नाही. काडी धुरावली, पेटली, लाल झाली. बाई तिच्यावरून नजर न हलवता वाकून बसल्या होत्या, इतक्या जवळ की गालाला चटका बसत होता. चिमट्यानं निखारा उचलला, झाकणाखाली विझवला, फॉइलमध्ये बांधला. मग हात धुऊन जेवल्या. बिरडं होतं. इतक्या काळजीतही दोन भाकऱ्या गेल्या.

पुड्यांवर झाडाचं नाव लिहिलं नाही. फक्त 'एक' आणि 'दोन'. स्वानंदला फोन करून म्हणाल्या, "काही विचारू नकोस. मोज आणि मलाच सांग. तोवर अंकिताचा अहवाल थांबव. माझी सही झाल्याशिवाय तो जायचा नाही."

त्या सहा आठवड्यांत बाईंनी ठरवून टाकलं. 'दोन' आजचा निघाला तर सगळं कबूल करायचं. जगनला आपल्या शब्दावर दुसरीकडे चिकटवायचा आणि आपलं नाव जायचं असेल तर जाऊ द्यायचं. हे ठरल्यावर त्यांना हलकं वाटलं. गुरुवार चुकवला मात्र नाही.

फोन आला तोही गुरुवारीच, सकाळी नऊला.

"मॅडम, 'एक' आजचा आहे, अगदी गेल्या वर्षा-दोन वर्षांतला. तो तुलनेसाठी ठेवला होता ना?"

"हो. आणि दोन?"

"दोन एकोणीसशे ऐंशी. अधिक-उणे तीस. त्याच चुलीचा आहे ना? जुळला."

बाई खुर्चीवर बसल्या. भिंगाशेजारी अहवाल पडला होता, सहीची जागा मोकळी. त्यात एकच वाक्य त्यांच्या नावावर होतं: 'नमुना टेंबपाड्याच्या चुलीतील आहे.' त्यांनी ते दोनदा वाचलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

त्यांनी पेन उचललं आणि सही केली.

टेंब राहिलं. जगन राहिला.

"मॅडम, ऐकताय ना? अजून एक आहे."

"सांग."

"दोनच्या फॉइलमध्ये दोन-तीन केस होते, लांब. मी आधी काढून टाकणार होतो, पण तुम्हीच शिकवलंय, नमुन्यातून काढलेलं काही फेकायचं नाही. यंत्रात एक जागा रिकामी होती. तुमच्यापैकी कुणाचे असतील, आजचे निघतील, म्हणून घातले."

बाईंनी अहवाल बाजूला सारला.

"एकोणीसशे ऐंशी, मॅडम! त्याच चुलीच्या वयाचे. केस इतकी वर्षं टिकले कसे? आणि गंमत म्हणजे मेंदी लावलेले आहेत. मुळाशी अर्धा इंच पांढरे, पुढे सगळी मेंदी. म्हणजे त्या काळातही बायका..."

तो बोलत राहिला. बाईंचा उजवा हात वर गेला होता. तो भांगापाशी, मेंदीखालून वर आलेल्या पांढऱ्या मुळांपाशी थांबला.

"स्वानंद," त्या म्हणाल्या, "ते केस नीट ठेव. त्यांचं कुणाला सांगू नकोस."

"बरं, मॅडम."

फोन ठेवून त्यांनी पेनाला टोपण लावलं. भीती येईल म्हणून वाट पाहिली. ती आली नाही. आला तो फक्त धुराचा मंद वास, आणि भूक.

कुमारराव स्वयंपाकघरातून हात पुसत आले. दाढी केलेली, नवा शर्ट घातलेला.

"आज मीही येतो टेंबपाड्याला," ते म्हणाले. "दोन वर्षं नुसता वासच घेतोय तुझ्या साडीचा. वाढेल ना मला तुझी सखूबाई?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. शास्त्राप्रमाणे अजून न जन्मलेला, पांढऱ्या मिशांचा, आपला माणूस. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पण इतकी वर्षं एकत्र काढून आता वेगळी चूल मांडायची?

"वाढतील," त्या म्हणाल्या. "मी सांगेन त्यांना."

आणि कुमाररावांनी टेबलावरून उचललेली खाऱ्या बिस्किटांची बशी बाईंनी हळूच काढून घेतली.

"आता काही खाऊ नका. उपाशी पोटी चला."